कॅमेरा आला आणि पाहणे राहून गेले

पत्राचा सारांश: गोंदिया जिल्ह्यातील एका खेड्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवणाऱ्या, पंचेचाळिशीच्या आसपासच्या एका शिक्षिकेचे हे पत्र आहे. वेतनाच्या थकबाकीचा हप्ता मिळाल्यावर त्यांनी उन्हाळ्याच्या सुट्टीत आपला पहिला कॅमेरा घेतला. त्यासोबत १८-५५ आणि ५५-२५० मिलिमीटरच्या दोन लेन्स आल्या. गावाला लागून जुना मालगुजारी तलाव आहे. शाळेत जाता-येता त्याच्या पाळीवर थांबून पक्षी पाहणे हा त्यांचा अनेक वर्षांचा विरंगुळा. आता मात्र फोटो धूसर येतात आणि बगळा नुसता पांढरा ठिपका दिसतो. ज्या व्हॉट्सअॅप गटात त्या सामील झाल्या आहेत, तिथे रोज ताडोबा-नागझिऱ्याचे वाघ झळकतात आणि १५०-६०० मिलिमीटरची लेन्स घेतल्याशिवाय पक्ष्यांच्या नादी लागू नये, असे तिथले जाणकार सांगतात. शिक्षकांच्या पतसंस्थेतून कर्ज काढून ती लेन्स घ्यावी की कॅमेराच विकून टाकावा, असा त्यांचा प्रश्न आहे. जूनमध्ये बांबूच्या रांजीत (बेटात) सापडलेल्या, स्वर्गीय नर्तक या पक्ष्याच्या घरट्याचा त्यांचा फोटो तेवढा गटात वाखाणला गेला, पण जागा सांगितली नाही म्हणून त्यांना आपमतलबी ठरवण्यात आले. तलावावर एकट्या उभ्या राहिल्या की येणारे-जाणारे ‘मॅडम, काय करून राह्यले जी?’ असे विचारतात, आणि सुट्टीच्या सकाळी त्या घरात नसतात म्हणून सासूबाई अबोला धरतात. सहीखाली, ता. क. म्हणून त्यांनी लिहिले आहे: ‘पूर्वी मी नुसती पाहत होते तेव्हा बरे वाटायचे.’

ताई,

लेन्स आणि कर्ज यांबद्दल मी लिहिणार आहेच, पण सुरुवात तुमच्या ता. क.पासून करतो, कारण मला तोच तुमचा खरा प्रश्न वाटतो. लेन्स घ्यावी की कॅमेरा विकावा, या दोन्ही पर्यायांच्या मुळाशी एकच समजूत आहे. ती अशी की फोटो चांगला आला तर सकाळ सार्थकी लागली आणि नाही आला तर वाया गेली. कॅमेरा येण्यापूर्वीची तुमची सगळी वर्षे या समजुतीला खोटे पाडतात. तेव्हा तुमच्या हाती एकही फोटो नव्हता आणि तरीही बरे वाटत होते. पाहण्याचा आनंद एक आणि चित्र साधण्याचा आनंद दुसरा. यातला दुसरा अजून हाती यायचा आहे आणि त्याच्या मागे धावताना पहिला सुटला, म्हणून आज ‘तेल गेले, तूप गेले’ अशी अवस्था वाटते. नवा कॅमेरा घेतलेल्या अनेकांची पत्रे मला येतात आणि त्यांतला सूर साधारण असाच असतो, फक्त तुमच्याइतके स्पष्ट कोणी लिहिलेले नसते.

म्हणून पहिली सूचना फोटोची नाहीच. तलावावर पोहोचल्यावर पहिली दहा-पंधरा मिनिटे कॅमेरा पिशवीतच राहू द्या आणि पूर्वी पाहत होता तसेच पाहा. हा काही संयमाचा धडा नव्हे, चांगला फोटो काढण्याची ती सर्वांत खात्रीची पद्धत आहे. वेडा राघू घ्या. तुमच्या शाळेच्या वाटेवरच्या तारेवर तो असणारच. तो तारेवरून झेपावतो, हवेतच माशी किंवा मधमाशी पकडतो आणि बहुतेक वेळा त्याच तारेवर, जवळजवळ त्याच जागी परत येऊन बसतो. मधमाशी असेल तर तिला चोचीत धरून तारेवर आपटतो आणि नांगी निघून जावी म्हणून घासतो, मग वर उडवून गिळतो. हे सगळे काही सेकंदांत घडते, पण ते पुन्हा पुन्हा घडते. ज्याने हे तीन-चार वेळा शांतपणे पाहिले आहे, तो राघू उडाल्यावर त्याच्या मागे कॅमेरा फिरवत नाही. तो रिकाम्या तारेवर फोकस साधून थांबतो आणि पक्षी परत आला की बटण दाबतो. कोतवाल, कवड्या खंड्या, धोबी, प्रत्येकाची अशी एक ठरलेली रीत असते. त्या रिती तुम्हाला आधीच ठाऊक आहेत. गटातल्या महागड्या लेन्सवाल्यांपैकी किती जणांना त्या ठाऊक असतील, याबद्दल मला शंका आहे.

आता फोटो धूसर का येतात ते पाहू. तुम्ही पाठवलेल्या नमुन्यांवरून दोष लेन्सचा दिसत नाही. मे महिन्यातले फोटो सकाळी दहानंतरचे आहेत. त्या दिवसांत आपल्याकडे पारा ४४-४५ अंशांच्या घरात असतो, धान निघून गेल्यावर उघड्या पडलेल्या बांध्या, म्हणजे धानाची खाचरे, तापतात आणि जमिनीलगतची हवा थरथरू लागते. शंभर पावलांवरच्या पक्ष्याचा फोटो त्या हवेतून काढला तर तो हललेलाच येणार. मोठी लेन्स त्या थरथरीलाही तितकेच मोठे करते, म्हणून लाखाची लेन्स घेऊनही मेमधल्या दुपारी तुम्हाला हाच फोटो मिळाला असता. उन्हाळ्यात पुरते उजाडल्यापासून आठ-साडेआठपर्यंतचा वेळ आपला. त्यानंतर कॅमेरा ठेवून द्यावा.

जुलै-ऑगस्टच्या फोटोंचे कारण वेगळे आहे. ढगाळ उजेडात तुमचा कॅमेरा हिरव्या ‘ऑटो’ चौकोनावर होता आणि त्याने शटरचा वेग सेकंदाच्या साठाव्या भागापर्यंत खाली आणलेला दिसतो. त्या वेगाने स्थिर झाड नीट येईल, मान वळवणारा पक्षी येणार नाही. लेन्समधली स्थिरीकरणाची सोय तुमच्या हाताचा कंप सावरते, पक्ष्याची हालचाल थांबवणे तिच्या हातात नसते. चकती फिरवून शटरचा वेग स्वतः ठरवण्याच्या मोडवर आणा. काही कॅमेऱ्यांवर त्यासाठी ‘एस’ असते, काहींवर ‘टीव्ही’. बसलेल्या पक्ष्यासाठी १/५०० ते १/१००० आणि उडणाऱ्यासाठी १/२००० ठेवा, आणि आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेडाबाबतची संवेदनशीलता, ‘ऑटो’वर ठेवून त्याची कमाल मर्यादा ३२०० करा. फोटोत थोडे कण दिसतील, दिसू द्या. कण असलेला स्पष्ट पक्षी चालतो, नितळ पण हललेला पक्षी चालत नाही. फोकसचा एकच बिंदू निवडा आणि तो डोळ्यावर ठेवा. पंख थोडे अस्पष्ट असले तरी डोळा रेखीव असेल तर फोटो जिवंत वाटतो.

बगळ्याचा पांढरा ठिपका होण्याचे कारण सोपे आहे. कॅमेरा चौकटीतल्या एकूण उजेडाची सरासरी काढतो. गडद पाण्यात छोटासा पांढरा पक्षी असला की त्याला वाटते चित्र फार काळे होईल, म्हणून तो उजेड वाढवतो आणि पिसांचा तपशील जळून जातो. अधिक-उणे चिन्ह असलेले बटण दाबून उजेड पाऊण ते एक टप्पा कमी करा, बगळ्याची पिसे दिसू लागतील. उजळ आभाळासमोरच्या कोतवालासाठी याच्या नेमके उलट, एक टप्पा वाढवा. बहुतेक कॅमेऱ्यांत हिरव्या ऑटोवर हे बटण चालत नाही, आणि त्या चौकोनातून बाहेर पडण्याचे हे दुसरे कारण.

राहिला प्रश्न पक्षी लहान दिसण्याचा. इथे थोडे गणित मांडतो, कारण कर्जाचा निर्णय त्यावर ठरावा असे मला वाटते. बुलबुल साधारण २० सेंटिमीटर लांबीचा पक्षी आहे. तुमच्या २५० मिलिमीटरच्या लेन्सने दहा मीटरवरून तो टिपला तर चौकटीच्या रुंदीचा पाचव्या हिश्शाहून थोडा अधिक भाग व्यापतो. पाच मीटरवरून टिपला तर निम्म्याच्या जवळ. म्हणजे अंतर अर्धे केले की लेन्स दुप्पट झाल्यासारखीच आहे आणि त्याला व्याज पडत नाही. प्रश्न इतकाच उरतो की पक्षी पाच मीटरवर कसा येईल. पाठलाग करून तो येणार नाही हे तुम्ही अनुभवलेच आहे. आपण स्थिर राहावे आणि त्याने यावे, अशी व्यवस्था करावी लागते.

त्याची सर्वांत चांगली जागा तुमच्या घरामागची सांदवाडी आहे. कुंभाराकडून मातीचे पसरट परळ आणा, त्यात दोन बोटे पाणी भरा आणि मध्ये एक खडबडीत दगड ठेवा, म्हणजे लहान पक्ष्यांना पाय टेकता येतील. परळापासून हातभर अंतरावर बाभळीची किंवा बोरीची वाळकी फांदी रोवा. पक्षी थेट पाण्यावर उतरत नाही, आधी जवळच्या फांदीवर बसून अंदाज घेतो, आणि तुमचा फोटो त्या फांदीवर होणार आहे. मागची हिरवळ किंवा भिंत फांदीपासून निदान चार-पाच मीटर दूर असू द्या, म्हणजे पार्श्वभूमी मऊ, एकसंध येईल. परळ झुडपाला अगदी लागून ठेवू नका, मांजर दबा धरते. पाणी रोज बदला. मग मागच्या दाराच्या आड पाटावर बसा आणि दाराच्या फटीतून लेन्स बाहेर काढा. पाऊस सरला की बुलबुल, दयाळ, सातभाई, शिंजीर, होला हे सगळे तिथे येतील, आणि मार्चपासून उन्हाळा चढेल तशी गर्दी वाढत जाईल.

या परळाचा आणखी एक उपयोग आहे. सासूबाईंच्या अबोल्याचे कारण कॅमेरा आहे, असे तुम्ही गृहीत धरले आहे. पत्रात मात्र तुम्हीच लिहिले आहे की आठवड्यातून एकच सकाळ तुम्ही दोघी निवांत चहा घेत होता आणि आता ती सकाळ तलावावर जाते. मला तरी यात कॅमेऱ्याबद्दलची तक्रार दिसत नाही. परळात पाणी घालण्याचे काम त्यांच्याकडे द्या, आणि कोणता पक्षी किती वाजता आला ते त्यांना विचारा. दिवसभर घरी असणाऱ्या माणसाला सांदवाडीतले जेवढे दिसते, तेवढे रविवारच्या दोन तासांत तुम्हाला दिसणार नाही. तलावावरची फेरी एका रविवारआड ठेवली तरी छंदाचे काही बिघडत नाही.

तलावावर बसण्याची जागा उजेड पाहून ठरवा. सकाळी पूर्वेकडच्या काठाला, सूर्य पाठीशी घेऊन बसा, आणि संध्याकाळी पश्चिमेकडच्या. पाळीवर उभे राहून खाली पाण्याकडे रोखलेला फोटो पक्ष्याला चपटा करून टाकतो. बसून, कॅमेरा शक्य तितका पाण्याच्या पातळीजवळ आणून काढलेल्या फोटोत तोच पक्षी आपल्या बरोबरीचा वाटतो. तिपाई (ट्रायपॉड) घेण्याची घाई करू नका. जुन्या जीन्सचा एक पाय गुडघ्याखाली कापा, एक टोक शिवा, त्यात दीड-दोन किलो लाखोळीची डाळ भरून दुसरे टोक शिवून टाका. पाळीच्या दगडावर, स्कूटीच्या सीटवर, दाराच्या उंबऱ्यावर, कुठेही ही पिशवी ठेवून तिच्यात लेन्स रुतवली की हात हलत नाही. कपडे मळखाऊ रंगाचे असावेत. एकाच जागी रोज जाऊन बसलात तर थोड्या दिवसांनी पक्षी तुम्हाला पाळीचाच भाग समजू लागतात. ढिवरांच्या, म्हणजे मासेमारांच्या, डोंग्याला ते कुठे घाबरतात?

तुमच्या नमुन्यांतला एक फोटो मात्र मी बराच वेळ पाहत होतो. कमळाच्या पानांवर लांब शेपटीचा पक्षी आणि त्याच्या मागे बोटाएवढे काहीतरी. तुम्ही खाली ‘ठिपका, फेकून देण्यासारखा’ असे लिहिले आहे. तो लांब शेपटीचा कमळपक्षी आहे, आणि मागचे ते त्याचे पिल्लू. या जातीत मादी एका हंगामात एकाहून अधिक नरांसाठी अंडी घालते आणि निघून जाते. अंडी उबवणे, पिल्ले सांभाळणे हे सगळे नर करतो. म्हणजे तुम्ही ज्याला फेकून देत होता, तो एका बापाचा लेकरासह फोटो आहे. पक्षी चौकटीच्या विसाव्या हिश्शाएवढा असला तरी भोवती कमळाची पाने आहेत, शिंगाड्याची वेल आहे, पलीकडे हिरव्या बांध्या आणि पाळीवरची मोहाची झाडे आहेत. कोहळी समाजाने गोंड राजांच्या काळापासून बांधलेल्या आपल्या तलावांची सगळी ओळख त्या एका चौकटीत आली आहे. सहाशेच्या लेन्सने त्यातला पक्षी तेवढा उरला असता. प्रत्येक निसर्गचित्रात प्राणी चौकटभर असला पाहिजे, ही समजूत कुठून आली असेल ते मी सांगू शकत नाही, पण तिच्यापायी फार चांगली चित्रे पुसली जातात.

छोटी १८-५५ची लेन्स तुम्ही पेटीतून काढलेलीच दिसत नाही. दसऱ्याच्या सुमारास पहाटे धानाच्या लोंब्यांवर दव असते, धुऱ्यावरच्या, म्हणजे शेताच्या बांधावरच्या, गवतात कोळ्यांची जाळी असतात आणि कोवळे ऊन मागून आले की प्रत्येक थेंब पेटतो. ही लेन्स वीतभर अंतरापर्यंत जवळ जाऊ देते. फुलपाखरेही सकाळी पंख तापेपर्यंत सुस्त असतात, तेव्हा तिच्या टप्प्यात येतात. पक्ष्यांच्या मागे लागलेल्यांना या जगाची खबर नसते.

‘काय करून राह्यले जी?’ या प्रश्नात तुम्हाला टोमणा ऐकू येतो. कधी तो असेलही, कारण कामाशिवाय तलावावर उभी राहिलेली बाई आपल्या गावांना अजून खटकते. पण बहुतेक वेळा ते साधे कुतूहल असते. विचारणाऱ्याला कॅमेऱ्याचा पडदा दाखवा. स्वतःच्या तलावावरचा पक्षी इतक्या जवळून पाहिल्यावर गुराखी आणि ढीवर काय काय सांगू लागतात, ते ऐका. अडई बदके कुठल्या कोपऱ्यात उतरतात, वारकरी पक्षी कधी येतात, सारसाची जोडी कोणाच्या बांधीत दिसली, ही माहिती कोणत्याही गटात मिळत नाही.

सोबतीचा मुद्दा मात्र मी हलक्यावर घेणार नाही. पूर्व विदर्भात तलावाच्या पलीकडे जंगल सुरू होते. मोहफुलांच्या दिवसांत, म्हणजे मार्च-एप्रिलमध्ये, पहाटे अस्वले मोहाखाली असतात, आणि वाकून किंवा बसून काम करणाऱ्या माणसांवर वाघ-बिबट्यांचे हल्ले आपल्या भागात झालेले आहेत. खाली बसा असे मी वर म्हटले ते उघड्या पाळीसाठी आणि मोकळ्या धुऱ्यासाठी म्हटले आहे. झुडपात, नाल्यात किंवा उंच गवतात दडून बसू नका. पुरते उजाडल्यावरच निघा, दिवस मावळण्याआधी परता, शक्य तेव्हा कोणाला तरी बरोबर घ्या आणि राखीव जंगलात परवानगीशिवाय पायी शिरू नका. डोळा कॅमेऱ्याला लागला की आजूबाजूचे भान जाते, म्हणून अधूनमधून मान वर करून चौफेर पाहण्याची सवय लावून घ्या.

घरट्याबाबत तुम्ही योग्य तेच केलेत. स्वर्गीय नर्तकाचे घरटे फार उंच नसते, चार माणसांची वर्दळ वाढली तरी आई-बाप पिल्ले सोडून जाऊ शकतात. शिवाय माणसे कशाभोवती घोटाळतात ते कावळे पाहत असतात. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यातील शिकारीच्या व्याख्येत वन्य पक्ष्यांच्या अंड्यांना किंवा घरट्यांना त्रास देणे हेही धरले आहे, तेव्हा जागा न सांगणे हा आपमतलबीपणा नव्हे, हे गटात शांतपणे सांगायला हरकत नाही. माझे मत विचाराल तर पुढच्या वर्षी घरट्याचा फोटो टाकूच नका. घरट्याभोवतीची डहाळी वाकवून ‘स्वच्छ’ फोटो काढू नये, पिंगळ्यावर रात्री फ्लॅश मारू नये, मोबाइलवर आवाज वाजवून पक्षी बोलावू नये, हेही नवख्या वाचकांसाठी लिहून ठेवतो. सारसाचे घरटे दिसले तर याहून अधिक जपावे. महाराष्ट्रात हा पक्षी आज प्रामुख्याने गोंदिया आणि भंडारा या दोन जिल्ह्यांतच उरला आहे आणि पावसाळ्यात धानाच्या बांधीत किंवा तलावाच्या काठाला बहुधा दोनच अंडी घालतो. शेतमालकाला आणि वनरक्षकाला कळवा, फोटो धुऱ्यावरून, दुरूनच घ्या, आणि पक्षी उठून उभा राहिला तर मागे फिरा.

गटातल्या वाघांबद्दल थोडक्यात. जिप्सीतून काढलेल्या वाघाच्या फोटोत बरेचसे श्रेय चालकाचे, वाटाड्याचे आणि त्या दिवशीच्या नशिबाचे असते. नागझिऱ्याला जरूर जा, पावसाळ्यानंतर दरवाजे उघडतात, पण वर्षातून एकदा सणासारखे जा. रोज सकाळी दुसऱ्याचा वाघ पाहून आपला कमळपक्षी छोटा वाटत असेल तर गट काही महिने मूक करून ठेवा. मला स्वतःला सुप्रभात म्हणणाऱ्या वाघांचा केव्हाच कंटाळा आला आहे.

हजारो फोटो न उघडता पडून आहेत, असे तुम्ही लिहिले आहे. त्यावर उपाय एकच. ज्या दिवशी काढले त्याच संध्याकाळी पाहायचे, पाच-सहा ठेवायचे आणि बाकी निर्दयपणे पुसायचे. ठेवलेल्यांची नोंद एका वहीत करा: तारीख, जागा, पक्षी आणि तो काय करत होता. शिक्षिकेला टाचणवहीची सवय असतेच. वर्षभराने त्या वहीत तुमच्या तलावाचे असे काही उमटेल की जे दुसऱ्या कोणाकडे नसेल: पट्टकादंब कोणत्या आठवड्यात उतरले, कमळपक्ष्याची शेपटी कधी गळाली, चातक पहिल्यांदा कधी ओरडला. याच नोंदी ‘ई-बर्ड’ या मोफत अॅपवर टाकल्या तर अभ्यासकांनाही उपयोगी पडतात. आपल्या राज्यात ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह म्हणून साजरा होतो. मारुती चितमपल्ली आणि सालिम अली यांच्या जन्मदिवसांना जोडणारे हे दिवस आहेत. त्या आठवड्यात शाळेच्या व्हरांड्यात दोरी बांधून स्वतःच्या गावचे वीस पक्षी टांगा, खाली नावे लिहू नका, मुलांना लिहू द्या. झाडीबोलीतली, म्हणजे आपल्या पूर्व विदर्भातल्या बोलीतली, नावे आली तर तीही राहू द्या.

कॅमेऱ्याची निगा फार अवघड नाही. आपल्या पावसाळ्यातल्या दमट हवेत लेन्सच्या आत बुरशी धरते, म्हणून कॅमेरा कापडी पिशवीत किंवा कपाटात कोंडून ठेवू नका. घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात निळ्या सिलिका जेलसोबत ठेवा, खडे गुलाबी झाले की तापवून पुन्हा निळे करून घ्या. मळणीयंत्र चालू असताना शेतात लेन्स बदलू नका. उन्हात उभ्या असलेल्या स्कूटीच्या डिक्कीत कॅमेरा कधीही ठेवू नका.

आता लेन्स. ती घेऊच नका, असे मी म्हणत नाही. सारस, पट्टकादंब, कापशी घार असे जवळ न येणारे किंवा ज्यांच्या जवळ आपण जाऊ नये असे पक्षी पुढेही तुम्हाला हवेसे वाटले, तर तिचा उपयोग आहे. पण ती जवळपास दोन किलो वजनाची आणि लाखाच्या घरातली वस्तू आहे, पतसंस्थेचा हप्ता दर महिन्याला पगारातून कापला जाणार आहे, आणि ज्या छंदावर हप्ता बसतो तो छंद ‘पैसे वसूल झाले का’ असे विचारू लागतो. तुमच्या ता. क.मधले दुखणे त्याने बरे होण्याऐवजी वाढेल, अशी मला भीती वाटते. कॅमेरा विकण्याचे तर मुळीच कारण नाही, वापरलेल्या कॅमेऱ्याला निम्मीही किंमत येत नाही. त्याऐवजी येत्या दिवाळीत काही हजारांत मिळणारी ८ × ४२ची दुर्बीण घ्या. आठ पट जवळ दाखवणारी, ४२ मिलिमीटरच्या भिंगाची ही दुर्बीण पहाटेच्या उजेडातही चांगले दाखवते, आणि ‘नुसते पाहणे’ तिच्यामुळे परत येईल, किंबहुना पूर्वीपेक्षा स्पष्ट होऊन येईल. काही सकाळी फक्त तीच गळ्यात घालून जा.

हिवाळ्यातले पाहुणे येऊन परत जाईपर्यंत, म्हणजे मार्चअखेरीपर्यंत, आहे त्या दोन लेन्सवर काम करा. तेव्हाही वहीत वारंवार ‘फार दूर होता’ असेच लिहिले जात असेल, तर नागपुरात मोठ्या लेन्स दिवसाच्या भाड्याने मिळतात, त्यांपैकी एक शनिवार-रविवारसाठी आणून आपल्याच तलावावर वापरून पाहा. दोन किलो वजन तासभर हातात पेलवते का, स्कूटीवर नेता येते का, ती घेऊन गावातून जाताना तुम्हाला अवघडल्यासारखे होते का, हे तिथेच कळेल. त्यानंतरही घ्यावीशी वाटली तर वापरलेली घ्या आणि कर्जाऐवजी थकबाकीच्या पुढच्या हप्त्याची वाट पाहा. घेताना दोन्ही झाकणे काढून एका बाजूने मोबाइलच्या टॉर्चचा झोत तिरपा टाका आणि दुसऱ्या बाजूने आत पाहा. कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे तंतू दिसले तर ती बुरशी आहे, विकणाऱ्याने कितीही किंमत कमी केली तरी परत करा. फोकसचे कडे आणि झूमचे कडे पूर्ण फिरवून अडखळत नाही ना ते पाहा, आपल्याच कॅमेऱ्यावर लावून दूरच्या पाटीवर फोकस बसतो का ते तपासा, आणि आठवडाभरात परत घेण्याची हमी पावतीवर लिहून घेतल्याशिवाय पैसे देऊ नका.